सगळं अंग सोलतं तेव्हा

सकाळी गोधडी झटकली की अंगणात मूठभर कोंडा पडतो. पांढरट, पातळ, काही पापुद्रे बोटाच्या पेराएवढे. घरची बाई तो झाडून टाकते आणि दुपारी अंथरुणाखाली पुन्हा तेवढाच सापडतो. ज्याच्या अंगावरून तो पडला, तो माणूस एप्रिलच्या उन्हातही घोंगडी पांघरून बसलेला असतो. त्याला हुडहुडी भरलेली असते, आणि अंगाला हात लावावा तर तव्यासारखं तापलेलं. पाय सुजलेले, डोळ्यांच्या खालच्या पापण्या बाहेर वळलेल्या, रात्रभर खाजवून नखं काचेसारखी चकचकीत झालेली. शेजारपाजारी कुणी म्हणतं इसब अंगभर पसरलं, कुणी म्हणतं उष्णता उठली, आणि कुणी तरी दबक्या आवाजात महारोगाचं नाव घेतं. त्याच दिवशी त्याचा पाण्याचा तांब्या वेगळा होतो.

वैद्यकात या अवस्थेला इरिथ्रोडर्मा म्हणतात. शब्द ग्रीक, अर्थ साधा : लाल कातडी. व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८६८ मध्ये तिचं वर्णन केलं. एक्सफोलिएटिव्ह डर्मटायटिस हे तिचं दुसरं नाव, आणि त्यात सोलण्यावर भर आहे. व्याख्या क्षेत्रफळाची आहे. शरीराच्या ९० टक्क्यांहून अधिक कातडीवर लाली आणि खवले असतील तर इरिथ्रोडर्मा. मोजायला यंत्र लागत नाही. रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे अंदाजे एक टक्का. सबंध अंगावर असे दहाच तळहात चांगली कातडी उरली असेल, तर प्रश्न मलमाचा राहिलेला नाही.

पण ही व्याख्या फक्त 'किती' ते सांगते, 'का' ते सांगत नाही. ताप हा जसा एक आजार नव्हे, मलेरियातही येतो आणि न्यूमोनियातही, तसंच हे आहे. इरिथ्रोडर्मा म्हणजे निरनिराळ्या वाटांनी कातडी जिथे येऊन पोहोचते ते शेवटचं स्टेशन. तिथे उतरलेले सगळे रुग्ण सारखेच दिसतात. कोण कुठल्या गाडीने आला, हे तोंडाकडे बघून कळत नाही, विचारावं लागतं. आणि खरी गोम तिथेच आहे, कारण विचारायला वेळ लागतो आणि सुई टोचायला लागत नाही.

आजार विरळा आहे, पण दुर्मीळ म्हणून सोडून द्यावा इतका नाही. दिल्लीच्या सेहगल आणि श्रीवास्तव यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या दर लाख रुग्णांमागे ३५ जण इरिथ्रोडर्माचे होते. नेदरलँड्समध्ये २००१ साली काढलेला आकडा दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला ०.९ असा आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवून आपल्याकडे हा आजार किती पट जास्त, असा हिशेब मांडायचा मोह होतो. तो आवरावा. एक आकडा दवाखान्यातल्या रांगेचा आहे, दुसरा सबंध देशाचा. एक गोष्ट मात्र बहुतेक पाहण्यांत सारखी आढळते : रुग्ण बहुधा चाळिशी-पन्नाशीच्या पुढचे, आणि बायकांपेक्षा पुरुष जास्त.

हा आढावा डोंगरकडा या गावाच्या अंगाने घेण्याला कारण आहे. कळमनुरी तालुक्यातलं हे गाव केळी, ऊस आणि हळदीच्या पट्ट्यातलं. साखर कारखाना असलेलं, कालव्याच्या पाण्यावर हिरवं झालेलं. जिल्हा हिंगोली, १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघालेला, पण मोठ्या दुखण्याला माणूस नांदेडची वाट धरतो. इरिथ्रोडर्माच्या कारणांची यादी पाठ्यपुस्तकांत आहे आणि ती बरोबरच आहे, पण ती व्हिएन्ना, लंडन, बोस्टनमध्ये बसून लिहिलेली आहे. मराठवाड्यातल्या गावात तीच यादी वेगळ्या क्रमाने वाचावी लागते. इथे कारण धुऱ्यावर उगवलेलं असू शकतं, फडताळातल्या गोळ्यांच्या पाकिटात असू शकतं, किंवा दोन महिन्यांपूर्वी घेतलेल्या एखाद्या पुडीत.

आधी कातडी निकामी होते म्हणजे काय होतं, ते पाहू. हृदय बंद पडतं, मूत्रपिंड निकामी होतं, हे आपल्याला पटतं. कातडीही एक अवयव आहे आणि तीही कामातून जाऊ शकते, हे सहज पटत नाही. मोठ्या माणसाच्या अंगावर दीड ते दोन चौरस मीटर कातडी असते. तिचा वरचा थर साधारण चार आठवड्यांत खालून वर येतो आणि नकळत गळून जातो. रोजचं हे गळणं अर्धा ते एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभरही नाही. इरिथ्रोडर्मात पेशी घाईने, अर्धवट पिकून वर येतात आणि गळणं रोज २० ते ३० ग्रॅमवर जातं. हा कोंडा म्हणजे प्रथिन. महिनाभर असं चाललं तर पाऊण किलोच्या आसपास प्रथिन अंगणात झाडून टाकलं जातं. रक्तातलं अल्ब्युमिन उतरतं, पाय सुजतात, दंडाचं मांस झडतं.

आणि नेमक्या याच वेळी घरात पथ्य सुरू होतं. अंडी बंद, मटण बंद, डाळ वातूळ म्हणून बंद, दूध कफकारक म्हणून बंद. पिवळी-लाल कातडी दिसली की 'उष्ण' पदार्थ काढून टाकायचे, हा हिशेब पिढ्यान्पिढ्यांचा आहे आणि तो मायेपोटी केलेला असतो. पण ज्या माणसाचं प्रथिन कातडीवाटे गळतंय त्याला नुसत्या पातळ भातावर ठेवणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी घालणंही थांबवणं. या आजारात खाण्याचं सक्तीचं पथ्य जवळजवळ नसतंच. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी त्रास वाढतो असं अनुभवाला आलं असेल तर तो सोडावा. बाकी वरण, अंडी, दूध, शेंगदाणे, जे परवडेल आणि पचेल ते, नेहमीपेक्षा जास्तच.

दुसरं नुकसान उष्णतेचं. निवांत बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फिरवतं, आणि त्यातला साधारण विसावा हिस्सा कातडीकडे जातो. इरिथ्रोडर्मात अंगभरच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. कातडी रक्त ओढत राहते, त्या रक्तातली ऊब हवेत जात राहते आणि आतला माणूस गारठतो. हात लावणाऱ्याला अंग गरम लागतं आणि रुग्ण थंडीने कुडकुडतो, हे कोडं असं सुटतं. डिसेंबरच्या रात्री पत्र्याच्या घरात अशा माणसाचं तापमान धोकादायक खाली जाऊ शकतं. मे महिन्यात उलटं होतं : खवल्यांनी घामाची तोंडं बुजलेली असतात, घाम येत नाही, आणि तोच माणूस उष्माघाताच्या दारात उभा राहतो. वाढलेला रक्तप्रवाह सांभाळताना म्हाताऱ्या हृदयाची दमछाक होते. जोर कमी पडला म्हणून नव्हे, काम वाढलं म्हणून ते थकतं. शिवाय भेगाळलेल्या कातडीतून पाणी सतत उडून जातं आणि जंतूंना आत यायला वाट मिळते. अशा रुग्णांचे मृत्यू होतात ते बहुधा न्यूमोनिया, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग किंवा हृदय थकणं यांमुळे. मृत्यूच्या दाखल्यावर कातडीचं नाव पुष्कळदा येतच नाही.

आता कारणं. सगळ्यात मोठा वाटा असतो आधीपासून अंगावर असलेल्या त्वचारोगाचा, आणि त्यात सोरायसिस आणि इसब हे दोघे पुढे. सोरायसिस म्हणजे कोपर, गुडघे, डोक्यात येणारे चांदीसारख्या खवल्यांचे चट्टे. तो वर्षानुवर्षं कुरबुरत राहतो, सहसा जिवावर उठत नाही. मग एखाद्या वेळी तो अंगभर का भडकतो? घशाचा संसर्ग, दारू, कडक मलमं, लिथियम किंवा क्लोरोक्वीनसारखी औषधं, अशी कारणं पुस्तकांत आहेत. पण गावाकडच्या अनुभवात एक कारण त्या सगळ्यांच्या वर बसतं : स्टेरॉइड सुरू करणं, आणि त्याहून जास्त, ते एकाएकी बंद करणं.

ही गोष्ट सगळ्यांच्या ओळखीची आहे. खाज असह्य होते. एक सुई घेतली की दोन दिवसांत अंग साफ. पंधरा दिवसांनी पुन्हा उठतं, पुन्हा सुई. कुणी बाजारात 'सोरायसिस मुळासकट बरा' करणारी पुडी देतं. ती लागू पडते, कारण अशा काही पुड्यांत कुटलेली स्टेरॉइडची गोळी असते. मग पैसे संपतात, किंवा पुडी देणारा गाव बदलतो, किंवा साखर वाढली म्हणून कुणी शहाणा डॉक्टर सगळं बंद करायला सांगतो. दाबून ठेवलेला आजार आठ-पंधरा दिवसांत दुप्पट जोराने वर येतो आणि या वेळी चट्ट्यांना कडा नसतात. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. इरिथ्रोडर्माच्याच काही प्रकारांत ते जीव वाचवतं. पण सोरायसिसमध्ये ते तोंडाने किंवा सुईने देणं ही उधारी आहे आणि तिचं व्याज जबर असतं. नायट्यासाठी मिळणाऱ्या मिश्र मलमांचीही तीच कथा. २०१८ मध्ये केंद्र सरकारने कातडीवर लावायची बरीच स्टेरॉइड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. बंदी कागदावर आली. ट्यूब काउंटरवरून गेली का, हे ज्याने त्याने आपल्या चौकात पाहावं.

इसबाची गोष्ट सांगायची तर आधी एका गवताची सांगावी लागते. गाजर गवत, काँग्रेस गवत. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. मूळ अमेरिका खंडातल्या उष्ण भागातलं. भारतात त्याची आधुनिक नोंद झाली ती पुण्यात, १९५५-५६च्या सुमारास. अमेरिकेहून पीएल-४८० कायद्याखाली आलेल्या गव्हाबरोबर ते आलं, ही कथा महाराष्ट्रात पक्की बसली आहे. तिच्यात तारखांची अडचण आहे. तो कायदा १९५४चा असला तरी भारताशी करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, आणि गवत तोवर पुण्यात दिसून चुकलं होतं. नंतरच्या धान्याने त्याच्या पसरण्याला हात दिला असेल, पण पहिल्या बीचा आरोप त्या गव्हावर ठेवणं अवघड आहे.

त्वचेच्या बाजूने पाहिलं तर या गवताचा इतिहास महाराष्ट्रातच लिहिला गेला. पुण्याचे डॉ. लोणकर यांनी मिचेल आणि कॅलनन या परदेशी सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये या गवताने होणाऱ्या त्वचादाहावर निबंध प्रसिद्ध केला, आणि जगाच्या त्वचाशास्त्राचं लक्ष या तणाकडे वेधलं गेलं. गुन्हेगार द्रव्याचं नाव पार्थेनिन. ते पानांवरच्या बारीक लवेत असतं, परागांत असतं, आणि गवत वाळून चुरा झाल्यावर त्या धुळीतही असतं. म्हणून गवताला हात लावावाच लागतो असं नाही. वारा ते घेऊन येतो. आजाराची सुरुवात ठरावीक जागी होते : पापण्या, कानामागची घडी, मानेच्या वळ्या, कोपराची आणि गुडघ्यामागची खोबण. उन्हाच्या ॲलर्जीत पापण्या आणि कानामागचा भाग वाचतो. इथे नेमका तोच भाग पेटतो, कारण धूळ जिथे साचते तिथे ती बसून राहते. फरक छोटा आहे, पण निदान त्यावर फिरतं.

पहिली दोन-तीन वर्षं त्रास पावसाळ्यात होतो आणि हिवाळ्यात निवळतो. रुग्ण म्हणतो, 'मृग लागला की सुरू होतं.' हळूहळू निवळणं कमी होतं, त्रास बारमाही होतो, चेहऱ्याची कातडी जाड होऊन कपाळावर वळ्या पडतात. आणि काहींच्या बाबतीत एखाद्या वर्षी ते अंगभर पसरून इरिथ्रोडर्मा होतो. याच कुळातल्या इतर वनस्पतींशीही मग कातडीचं पटेनासं होतं. सूर्यफूल आणि शेवंतीशी असा परस्परसंबंध आढळला आहे. करडईही त्याच कुळातली आणि दसऱ्याचा झेंडूही. म्हणून अशा रुग्णाला 'शेतात काय पेरलंय' आणि 'देवाला कोणती फुलं वाहता' हे दोन्ही विचारावं. मुलांत हा त्रास फारसा दिसत नाही. बाधतो तो वर्षानुवर्षं रानात राबलेल्या माणसाला.

तिसरी वाट औषधांची. तिचा इतिहास जुना आहे. १९१० मध्ये गरमीवर सॅलव्हर्सान हे आर्सेनिकचं औषध आलं आणि त्याच्या मागोमाग अंगभर सोलणाऱ्या कातडीची भीतीही आली. सोन्याच्या सुया, पारा, सल्फा, सगळ्यांनी आपापला वाटा उचलला. आजच्या यादीत आघाडीवर आहेत ती रोजच्या वापरातली, आणि बहुतेक वेळा खरोखर गरजेची औषधं : फिटवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपाइन आणि फिनोबार्बिटल, युरिक ॲसिडवरचं ॲलोप्युरिनॉल, सल्फाच्या गोळ्या, क्षयाची औषधं, कुष्ठरोगावरचं डॅप्सोन.

औषधाचं रिॲक्शन गोळी घेतल्या घेतल्याच येतं, हा समज इथे घात करतो. फिटच्या गोळ्यांची तीव्र प्रतिक्रिया दोन ते आठ आठवड्यांनी येते. डॅप्सोनचीही चौथ्या ते सहाव्या आठवड्याच्या आसपास. तोवर रुग्णाच्या मनात ती गोळी सरावाची झालेली असते, आणि तो दोष देतो कालच्या वांग्याच्या भाजीला. या प्रतिक्रियेत ताप येतो, चेहरा सुजतो, मानेतल्या गाठी वाढतात, रक्तात इओसिनोफिल नावाच्या पेशी चढतात आणि यकृत दुखावतं. अंगाला पुरळ आणि डोळे पिवळे, ही जोडी दिसली की कावीळ उतरवणाऱ्याकडे नव्हे, थेट मोठ्या दवाखान्यात जायचं. १०८ची गाडी अशा वेळीही बोलावता येते, अपघातच लागतो असं नाही. डॅप्सोनबाबत एक कोडं अलीकडे सुटलं. २०१३ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवलं की एचएलए-बी*१३:०१ हा जनुकीय वारसा असलेल्यांत ही प्रतिक्रिया येण्याचा धोका फार मोठा असतो. म्हणजे एकाच गावात तीच गोळी शंभर जणांना पचते आणि एकाला जाळते, यात नशिबापेक्षा रक्तातली ठेवण जास्त आहे.

इथे दोन गोष्टी घरच्यांनी पाठ करून ठेवाव्या अशा आहेत. फेनिटॉइनने अंग उठलं तर कार्बामाझेपाइन आणि फिनोबार्बिटल हीदेखील त्या माणसाला बहुधा चालत नाहीत. तिघांची रासायनिक बांधणी मिळतीजुळती आहे. एक बंद करून दुसरं घेतलं की आग शमायच्या ऐवजी पुन्हा भडकते. मात्र फिटचं औषध आपल्या मनाने तोडायचंही नाही, कारण तोडल्याने येणारी फिट स्वतःच जीव घेऊ शकते. बदल डॉक्टरच्या नजरेखाली, त्याच दिवशी. क्षयाचा गुंता आणखी वेगळा. चार औषधं एकाच गोळीत असतात, आणि चारांपैकी चोर कोण हे कळायला सगळी थांबवून, कातडी शांत झाल्यावर, एकेक करून परत सुरू करावी लागतात. त्याला आठवडे लागतात आणि रुग्णाचा धीर तोवर टिकवावा लागतो.

झाडपाल्याचं काय, असा प्रश्न येतोच. झाडपाला म्हणून निरुपद्रवी, हे गाजर गवताने खोटं ठरवलंच आहे. जी पुडी कोणी बनवली, तिच्यात काय आहे, हे कुणालाच सांगता येत नाही, ती संशयितांच्या यादीत पहिली. नाव असलेली गोळी तिच्यापेक्षा बरी. तिच्यावर निदान खटला तरी चालवता येतो.

उरलेल्या वाटांवरून भराभर जाऊ. खरुजेचा एक विक्राळ प्रकार आहे. १८४८ मध्ये नॉर्वेतल्या कुष्ठरुग्णांत तो प्रथम नोंदला गेला म्हणून त्याला नॉर्वेजियन म्हणतात. साध्या खरुजेत अंगावर दहा-पंधरा किडे असतात, यात लाखांनी. खपल्या जाड, खाज कधी कधी अगदी कमी. म्हणून सोरायसिस समजून स्टेरॉइड दिलं जातं आणि किड्यांना मोकळं रान मिळतं. घरातले बाकीचे सगळे खाजवत असतील तर हीच शंका आधी घ्यावी. एचआयव्हीची तपासणी करायची ती रुग्णाच्या चारित्र्यावर संशय म्हणून नव्हे; तो आजार खरूज, सोरायसिस आणि औषधांची प्रतिक्रिया या तिन्हींना धार लावतो. पिटिरियासिस रुब्रा पायलॅरिस नावाचा एक विरळा रोग नारिंगी छटेवरून ओळखू येतो, आणि लालीच्या समुद्रात मध्येच निरोगी कातडीची बेटं राहतात. पांढऱ्या पेशींचा कर्करोग कातडीत आणि रक्तात दोन्हीकडे पसरला तर सेझारी सिंड्रोम. १९३८ मध्ये सेझारी आणि बुव्ह्रॅं यांनी वर्णिलेला. साठीच्या पुढचा रुग्ण, महिनोन्‌महिने न हटणारी लाली, जीव नकोसा करणारी खाज, काखेत-जांघेत गाठी, तळहात-तळपाय जाड होऊन फुटलेले, असं चित्र असेल तर एका बायॉप्सीवर समाधान मानू नये. पहिल्या तुकड्यात काही न सापडता वर्षभराने चौथ्या तुकड्यात कर्करोग सापडतो, असं घडतं.

तान्ह्या बाळाची लाल, सोलणारी कातडी हे वेगळंच प्रकरण. तिथे स्टॅफिलोकोकस जंतूचं विष असू शकतं किंवा जन्मजात इक्थिऑसिस. यातले बरेच प्रकार आई आणि बाप दोघांकडून एकेक सदोष जनुक आल्यावरच होतात, आणि मामाच्या मुलीशी लग्न करण्याची पद्धत जिथे आहे तिथे तशी जोडी जुळण्याची शक्यता वाढते. पहिलं बाळ असं झालं असेल तर दुसऱ्याच्या आधी जनुकीय सल्ला घ्यावा. सुनेच्या पायगुणाचा इथे काडीचा संबंध नाही.

आणि या सगळ्यातून चाळल्यावरही काही रुग्णांत कारण हाती लागत नाही. पाहण्यांनुसार हे प्रमाण बदलतं, पण ते नगण्य कुठेच नाही. अशांना सोडून द्यायचं नसतं. वर्ष-दोन वर्षांत त्यांच्यातल्या काहींचा मूळ आजार तोंड वर काढतो.

लक्षणांबद्दल एक तक्रार पुस्तकांविरुद्ध करायची आहे. 'लाल' हा शब्द गोऱ्या कातडीवरून आला. उन्हात रापलेल्या सावळ्या अंगावर लाली लालीसारखी दिसत नाही. ती तांब्यासारखी, जांभळट किंवा नुसतीच काळवंडलेली दिसते. त्यामुळे आपल्याकडे 'काळा पडलाय, वाळलाय' एवढंच म्हणून अशा माणसाला घरी परत पाठवलं जाऊ शकतं. सावळ्या कातडीवर रंगापेक्षा तीन गोष्टी भरवशाच्या : हाताला लागणारी ऊब, तळहाताने चोळल्यावर पडणारा कोंडा, आणि रुग्णाची हुडहुडी. एकदा रोग अंगभर पसरला की मूळ आजाराच्या खुणा पुसल्या जातात, तरी काही कोपऱ्यांत उरतात. नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे असतील तर सोरायसिस. पोटाच्या घड्या उघडल्यावर आत कातडी स्वच्छ निघाली तर ओफुजी या जपानी डॉक्टरने १९८४ मध्ये सांगितलेला वेगळा प्रकार आठवावा. नाक आणि ओठांभोवतीचा भाग पुष्कळदा वाचलेला असतो. तो पाहून रोग उतरतोय असं समजू नये. केस विरळ होतात, नखं गळतात. बरं झाल्यावर ती परत येतात, हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगावं. कुष्ठरोगाच्या भीतीने अर्धमेल्या झालेल्या माणसाला 'हे स्पर्शाने लागत नाही' हे वाक्यही त्याच दिवशी हवं. अपवाद खरुजेचा, आणि ती औषधाने हटते.

उपचाराचा पाया साधा आहे आणि म्हणूनच त्याची हेळसांड होते. भरती करायचं. खोली उबदार, वारा कमी. पाणी, लघवी, वजन, तापमान रोज लिहायचं. अत्यावश्यक नसलेलं प्रत्येक औषध थांबवायचं. आणि तेल : खोबरेल, लिक्विड पॅराफिन, पेट्रोलियम जेली, जे स्वस्त असेल ते, दिवसातून चार-पाच वेळा, भरपूर. कडुनिंबाच्या पाल्याचं कडक पाणी, डेटॉलची आंघोळ, हळदीचा लेप, सॅलिसिलिक ॲसिडचं मलम यांतलं काही नको. तुटलेल्या कुंपणातून सगळं थेट रक्तात जातं; सॅलिसिलिक ॲसिड अंगभर फासल्याने विषबाधा होऊ शकते.

केळीच्या पट्ट्यातल्या वाचकाला एक गोष्ट आवडेल. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग भाजलेल्या जखमांवर वापरून २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पान मेणचट असतं, ओल्या जखमेला चिकटत नाही, काढताना दुखत नाही आणि कवडीमोल किमतीत मिळतं. सोललेल्या, पाझरणाऱ्या कातडीच्या रुग्णांना केळीच्या पानांवर झोपवण्याची पद्धत भारतातल्या त्वचाविभागांतही आहे. इरिथ्रोडर्माची कातडी कोरडी असेल तर पानाची गरज नाही. पण चादर अंगाला चिकटायला लागली, की अर्धापूर-डोंगरकड्याच्या बागेतलं पान महागड्या जाळीदार पट्टीला मागे टाकतं. अट एवढीच की ते निर्जंतुक करून घेतलेलं हवं आणि फवारणीच्या बागेतून थेट आलेलं नको.

पुढचं औषध कारणावर ठरतं. इसब आणि औषधांच्या प्रतिक्रियेत स्टेरॉइड, सोरायसिसमध्ये मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन, ॲसिट्रेटिन, आणि परवडेल त्याला बायॉलॉजिक सुया. गाजर गवताच्या रुग्णांत ॲझाथायोप्रिन उपयोगी पडतं. दिल्लीच्या एम्समध्ये कौशल वर्मा यांनी त्यावर बरंच काम केलं, आठवड्यातून एकदा मोठा डोस देण्याची स्वस्त पद्धतही तपासली. मेथोट्रेक्सेटची एक सूचना मात्र ठळक अक्षरात भिंतीवर लावावी अशी आहे. ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. ती चुकून रोज घेतली गेली तर रक्त तयार होणं बंद पडतं आणि माणूस जातो. निरक्षर म्हाताऱ्याच्या हाती पाकीट देताना 'सोमवारी' किंवा 'बाजाराच्या दिवशी' असं सांगितलं तर ते लक्षात राहतं.

नांदेडला किंवा नव्याने सुरू झालेल्या हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाताना रिपोर्टच्या फाइलपेक्षा उपयोगी पडेल ती एक पिशवी. गेल्या तीन महिन्यांत पोटात गेलेल्या आणि अंगाला लागलेल्या सगळ्या वस्तू तिच्यात टाकायच्या : रिकामी पाकिटं, तेलाच्या बाटल्या, मलमाच्या चेपलेल्या ट्यूब, पुडीचा कागद, म्हातारीने दिलेला काढा. लाजायचं नाही. डॉक्टर रागावला तर रागावू द्यावा. पण पुडी लपवली तर बायॉप्सीलाही ती दिसत नाही.

कातडी निवळल्यावर, काही आठवड्यांनी, पाठीवर पॅच टेस्ट करता येते. गाजर गवताचा अर्क लावलेली पट्टी दोन दिवस ठेवतात, काढतात आणि पुन्हा दोन दिवसांनी पाहतात. तिथे लाल फुगवटा आला की पुढचा प्रश्न वैद्यकाचा उरत नाही. 'शेतात जाऊ नका' हा सल्ला दोन एकरवाल्याला देणं म्हणजे सल्ला न देणंच. पूर्ण बाह्यांचा सदरा, उपरणं, घरी आल्याबरोबर आंघोळ आणि कपडे वेगळे, वाळलेलं गवत जाळायचं नाही, एवढं जमतं. बाकी गवत हटवायचं. १९८३ मध्ये मेक्सिकोहून भारतात आणलेला झायगोग्रामा नावाचा भुंगेरा ते फस्त करतो. मध्ये तो सूर्यफूल खातो अशी हाकाटी झाली, सरकारने समिती नेमली आणि भुंगेरा निर्दोष सुटला. तरोट्याचं बी टाकलं की त्याची दाटी गाजर गवताला उगवू देत नाही, हा आपल्याकडचाच उपाय. पण भुंगेरा काम करतो पावसाळ्यात आणि थंडी लागली की जमिनीत शिरून झोपतो. तरोटाही पावसाळीच. कालव्याच्या कडेला, उसाच्या पाटाला, मार्च-एप्रिलमध्येही ओल असते, आणि तिथे गाजर गवत तेव्हा पांढऱ्या फुलांनी डवरलेलं असतं.